अपग्रेडनंतर नेट कुठे अडते? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

विंडोज १० ला मिळणारा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि त्याच्या आगेमागे असंख्य लोकांनी आपले चालते लॅपटॉप विंडोज ११ वर नेले. लिनक्स आणि मॅक वापरणाऱ्यांची अपग्रेड्सही आपापल्या वेळापत्रकाने चालूच असतात. अपग्रेड सुरळीत पार पडते, फाइली जागच्या जागी असतात, आणि नेट तेवढे बंद पडते, अशी तक्रार करणारी पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत.

उत्तरांकडे वळण्यापूर्वी एक गोष्ट स्पष्ट करतो. लॅपटॉपपासून इंटरनेटपर्यंतच्या वाटेवर चार टप्पे असतात. वायफायचे कार्ड आणि त्याचा ड्रायव्हर (म्हणजे ते कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर) हा पहिला, राउटरशी होणारी जोडणी हा दुसरा, राउटरकडून मिळणारा आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा लॅपटॉपचा आकडी पत्ता, हा तिसरा, आणि साइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता शोधून देणारी डीएनएस ही यंत्रणा चौथा. अपग्रेडनंतर सहसा यांतला एकच टप्पा बिघडलेला असतो आणि तो कोणता, हे थोड्या वेळात शोधता येते. ते कळण्याआधी कोणतीही सेटिंग बदलू नये, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. कारण एकदम पाच गोष्टी बदलल्या की नेट सुरू झाले तरी कशामुळे सुरू झाले हे कळत नाही, आणि सुरू झाले नाही तर मूळ बिघाडात आणखी दोन-तीन बिघाडांची भर पडलेली असते.

प्रश्न: माझा लॅपटॉप काही वर्षांपूर्वीचा असून मी तो नुकताच विंडोज १० वरून विंडोज ११ वर नेला. वायफाय जोडले जाते, परंतु चिन्हाच्या जागी पृथ्वीचा गोल दिसतो आणि "नो इंटरनेट" असे लिहून येते. त्याच वायफायवर घरातले दोन्ही फोन व्यवस्थित चालतात. पूर्वी ऑफिसच्या कामासाठी एक व्हीपीएन, म्हणजे बाहेरून ऑफिसच्या नेटवर्कला सुरक्षितपणे जोडणारा प्रोग्रॅम, टाकले होते. ते आता मी वापरत नाही. एका परिचितांनी "नेटवर्क रिसेट" करण्यास सांगितले आहे, तर दुसऱ्यांचे म्हणणे सरळ फॉरमॅट करावे असे आहे. यांपैकी काय करावे?

उत्तर: सध्या दोन्ही करू नये. आपल्या पत्रातच पुष्कळ माहिती आहे. फोन चालतात, म्हणजे राउटर आणि त्यापुढची लाइन ठीक आहे. वायफाय जोडले जाते, म्हणजे कार्ड जिवंत आहे, ड्रायव्हर काम करतो आहे आणि पासवर्डही बरोबर आहे. पहिले दोन टप्पे असे घरबसल्या निकालात निघाले. उरले शेवटचे दोन.

स्टार्ट मेनूत कमांड प्रॉम्प्ट उघडावा आणि "आयपीकॉन्फिग" (ipconfig) ही कमांड द्यावी. बरीच माहिती उमटेल. त्यातला वायफायचा भाग शोधून फक्त दोन ओळी पाहाव्यात. आयपीव्ही४ ॲड्रेससमोर १९२.१६८ किंवा १० ने सुरू होणारा आकडा असेल आणि डिफॉल्ट गेटवेसमोर १९२.१६८.१.१ सारखा राउटरचा पत्ता असेल, तर तिसरा टप्पाही ठीक आहे. मात्र तिथे १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता असेल आणि गेटवेची जागा रिकामी असेल, तर तो पत्ता राउटरने दिलेला नाही. राउटरकडे पत्ता मागूनही उत्तर न आल्यामुळे विंडोजने तो स्वतःच स्वतःला देऊन टाकला आहे. आकड्यांचा हा गट नेमका अशाच वेळेसाठी राखून ठेवलेला असतो, त्यामुळे तो दिसला की निदान जवळजवळ निश्चित होते.

आता हे दोन्ही मार्ग वेगवेगळे पाहू.

पत्ता १६९.२५४ चा असेल, तर माझा पहिला संशय आपल्या जुन्या व्हीपीएनवर आहे. व्हीपीएन आणि काही अँटिव्हायरस प्रोग्रॅम नेटवर्क कार्डाच्या वाटेत स्वतःचा एक गाळणीवजा ड्रायव्हर बसवतात. येणारी-जाणारी सगळी माहिती त्याच्यातून जाते. मूळ प्रोग्रॅम आपण वापरत नसलात, किंबहुना काढून टाकला असलात, तरी हा ड्रायव्हर मागे राहू शकतो, आणि जुन्या विंडोजसाठी लिहिलेला असल्यामुळे नव्या विंडोजमध्ये तो सगळी वाहतूक अडवून धरतो. हा प्रकार नवा नाही. २०१५ मध्ये विंडोज १० आले तेव्हा जुनी व्हीपीएन असलेल्या संगणकांवर अपग्रेडनंतर वायफाय बंद पडत असल्याचे मायक्रोसॉफ्टनेच मान्य करून त्यावरचा उपाय प्रसिद्ध केला होता.

याची खातरजमा करण्यासाठी कंट्रोल पॅनेलमधील नेटवर्क कनेक्शन्स या ठिकाणी जावे, वायफायवर उजवी क्लिक करून प्रॉपर्टीज उघडावे. तिथे टिक केलेल्या नावांची एक यादी दिसते. त्यातली बहुतेक नावे विंडोजची स्वतःची असतात: मायक्रोसॉफ्ट नेटवर्कचा क्लायंट, फाइल आणि प्रिंटर शेअरिंग, क्यूओएस पॅकेट शेड्यूलर, इंटरनेट प्रोटोकॉलची आवृत्ती ४ आणि आवृत्ती ६, वगैरे. त्यांना हात लावू नये. त्यांच्यात एखाद्या व्हीपीएनचे किंवा अँटिव्हायरसचे नाव असेल, तर फक्त त्याची टिक काढावी, ओके करावे आणि वायफाय एकदा तोडून पुन्हा जोडावे. पत्ता मिळाला, तर गुन्हेगार सापडला. मग ते व्हीपीएन सेटिंग्जमधील ॲप्सच्या यादीतून रीतसर काढून टाकावे. आणि पुढे पुन्हा लागलेच, तर विंडोज ११ साठी दिलेली नवी आवृत्ती बसवावी.

पत्ता व्यवस्थित असेल, तर आणखी दोन चाचण्या कराव्यात. आधी "पिंग" (ping, म्हणजे एखाद्या पत्त्याकडून उत्तर येते का हे पाहणारी कमांड) लिहून पुढे गेटवेचा आकडा द्यावा. उत्तर आले, तर राउटरपर्यंतची वाट खुली आहे. नंतर "पिंग ८.८.८.८" करावे. हा गूगलच्या सार्वजनिक डीएनएस सेवेचा पत्ता असून तो बाहेरच्या जगात आहे. त्याच्याकडून उत्तर येते, पण साइटच्या नावाने पिंग केल्यावर "होस्ट सापडत नाही" अशा अर्थाचा संदेश येतो, असे असेल तर इंटरनेट चालू आहे आणि फक्त डीएनएस बिघडले आहे. व्हीपीएन पुष्कळदा ऑफिसच्या डीएनएस सर्व्हरचा पत्ता कार्डावर लिहून ठेवते आणि ऑफिसच्या बाहेर तो सर्व्हर उत्तरच देत नाही. सेटिंग्जमध्ये वायफायच्या प्रॉपर्टीजमध्ये डीएनएस असाइनमेंट "मॅन्युअल" दिसत असेल, तर ते "ऑटोमॅटिक" करावे. त्यानंतर कमांड प्रॉम्प्टमध्ये आयपीकॉन्फिग लिहून एक जागा सोडून तिरकी रेघ आणि लगेच "फ्लशडीएनएस" (ipconfig /flushdns) असे दिल्यास साठवलेली जुनी उत्तरे पुसली जातात.

नावाने पिंग होते आणि तरीही ब्राउझरमध्ये काहीच उघडत नाही, असे आढळले तर सेटिंग्जमधील प्रॉक्सीचे पान पाहावे. ऑफिसचा प्रॉक्सी, म्हणजे ब्राउझर आणि इंटरनेट यांच्या मधला सर्व्हर, तिथे लिहिलेला राहून गेला असेल, तर ब्राउझर प्रत्येक साइट त्याच्याकडे मागत बसतो. लॅपटॉपची तारीख आणि वेळ चुकलेली असेल, तर सुरक्षित साइटची प्रमाणपत्रे अवैध ठरतात आणि जवळपास प्रत्येक साइटवर इशारा येतो, हेही या निमित्ताने तपासून घ्यावे.

"नो इंटरनेट" ही पाटी विंडोज कशी लावते, हे ठाऊक असणे उपयोगाचे आहे. जोडणी होताच विंडोज मायक्रोसॉफ्टच्या एका ठरावीक पत्त्यावरून एक लहानशी मजकूर फाइल मागवते. त्या फाइलमध्ये "मायक्रोसॉफ्ट कनेक्ट टेस्ट" एवढेच शब्द असतात. ते जसेच्या तसे परत आले नाहीत, तर इंटरनेट नाही असे विंडोज मानते. त्यामुळे फायरवॉलने किंवा जाहिराती रोखणाऱ्या डीएनएसने तो एकच पत्ता अडवला, तर सगळ्या साइट उघडत असतानाही पृथ्वीचा गोल कायम राहतो. पाटीवर विसंबण्यापेक्षा एखादी साइट प्रत्यक्ष उघडून पाहावी.

आता नेटवर्क रिसेटबद्दल. हा उपाय वाईट नाही, पण त्याची जागा शेवटची आहे. त्यात सगळी नेटवर्क कार्डे काढून पुन्हा बसवली जातात, साठवलेले सर्व वायफाय पासवर्ड जातात, हाताने भरलेले पत्ते जातात आणि चालू व्हीपीएनही पुन्हा बसवावे लागू शकते. वरील सर्व तपासून झाल्यावरही अडचण राहिली, तर पासवर्ड लिहून ठेवून हा रिसेट अवश्य करावा. फॉरमॅटची तर गरजच नाही. अगदीच अडून बसले, तर अपग्रेडनंतर १० दिवसांपर्यंत सेटिंग्जमधील रिकव्हरीच्या पानावरून मागच्या विंडोजवर परत जाण्याची सोय असते. ही मुदत उलटली की जुन्या विंडोजच्या फाइली आपोआप पुसल्या जातात, म्हणून पहिल्या आठवड्यातच निर्णय घ्यावा. अर्थात विंडोज १० वर परत जाणे हा कायमचा मुक्काम नव्हे. चालेल असा ड्रायव्हर किंवा व्हीपीएनची नवी आवृत्ती मिळेपर्यंतची ती सोय आहे.

प्रश्न: अपग्रेडनंतर माझ्या लॅपटॉपवर वायफायचा पर्यायच दिसेनासा झाला आहे. केवळ एअरप्लेन मोड दिसतो. लॅपटॉप अनेकदा बंद करून पुन्हा चालू केला, उपयोग झाला नाही. लॅपटॉपला केबलसाठी जागा नाही. नेटच नसल्यामुळे ड्रायव्हर उतरवून घेता येत नाही आणि ड्रायव्हर नसल्यामुळे नेट नाही, अशी कोंडी झाली आहे.

उत्तर: ही कोंडी फोडणे आपल्याला वाटते त्याहून सोपे आहे, पण त्याआधी "बंद करून पुन्हा चालू केला" या वाक्याकडे लक्ष द्यावे लागेल. २०१२ मध्ये आलेल्या विंडोज ८ पासून विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप नावाची सोय आहे. ती सुरू असताना शट डाउन केले, तर विंडोजचा गाभा पूर्ण बंद होत नाही. त्याची आणि ड्रायव्हरची त्या क्षणाची स्थिती डिस्कवर साठवली जाते आणि पुढच्या वेळी तीच परत आणली जाते. ड्रायव्हर अडकलेल्या अवस्थेत असेल, तर तो अडकलेलाच परत येतो. रिस्टार्ट केल्यावर मात्र सर्व काही नव्याने सुरू होते. म्हणून आधी रिस्टार्ट करून पाहावे. त्याने भागले नाही, तर शिफ्टची कळ दाबून धरून शट डाउन निवडावे, चार्जर काढावा, पॉवरचे बटण सुमारे अर्धा मिनिट दाबून ठेवावे आणि मग लॅपटॉप चालू करावा. कार्डाची उरलीसुरली वीज उतरल्यावर ते पुन्हा दिसू लागल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत.

तरीही वायफाय दिसले नाही, तर डिव्हाइस मॅनेजर उघडावा. नेटवर्क अडॅप्टर्सच्या गटात वायफायच्या नावावर पिवळा त्रिकोण आहे का, ते पाहावे. नावावर दोनदा क्लिक केल्यास एक क्रमांक दिसतो. कोड १० म्हणजे कार्ड सापडले परंतु सुरू होऊ शकत नाही. हा बहुधा नव्या विंडोजशी न जुळणाऱ्या ड्रायव्हरचा दोष असतो, आणि ड्रायव्हरच्या टॅबमधील "रोल बॅक ड्रायव्हर" हे बटण दाबता येण्याजोगे असेल तर जुना ड्रायव्हर लगेच परत येतो. कोड २८ म्हणजे ड्रायव्हर बसवलेलाच नाही. अशा वेळी कार्ड पुष्कळदा "अदर डिव्हाइसेस" या गटात "नेटवर्क कंट्रोलर" अशा मोघम नावाने पडून असते.

मोघम नावावरूनही कार्ड कोणाचे हे ओळखता येते. प्रॉपर्टीजमधील डिटेल्सच्या टॅबमध्ये "हार्डवेअर आयडीज" निवडावे. तिथल्या लांबलचक ओळीत "व्हीईएन" या अक्षरांपाठोपाठ चार चिन्हे असतात आणि ती उत्पादकाची खूण असते. ८०८६ असेल तर कार्ड इंटेलचे, १०ईसी असेल तर रियलटेकचे, १४सी३ असेल तर मीडियाटेकचे, १६८सी असेल तर क्वालकॉम अथेरॉसचे, आणि १४ई४ असेल तर ब्रॉडकॉमचे. एकाच मॉडेलचे लॅपटॉप वेगवेगळ्या कंपन्यांची कार्डे घालून विकले जातात आणि उत्पादकाच्या साइटवर त्याच मॉडेलखाली दोन-तीन वायफाय ड्रायव्हर दिसतात. त्यांतला आपला कोणता, हे या चार चिन्हांवरून ठरते. ड्रायव्हर लॅपटॉपच्या उत्पादकाच्या किंवा कार्डाच्या उत्पादकाच्या साइटवरूनच घ्यावा. सगळे ड्रायव्हर आपोआप शोधून देतो म्हणणारे फुकट प्रोग्रॅम मी कोणालाही सुचवत नाही. ते चुकीचा ड्रायव्हर बसवतात, सोबत नको ते प्रोग्रॅम आणतात, आणि मूळ प्रश्न आणखी गुंतागुंतीचा करतात.

राहिली कोंडी. अँड्रॉइड फोन यूएसबी केबलने लॅपटॉपला जोडून फोनच्या हॉटस्पॉट सेटिंगमधून यूएसबी टेदरिंग सुरू करावे. विंडोजला फोन हे केबलचे नेटवर्क कार्ड वाटते आणि त्यासाठी लागणारा ड्रायव्हर विंडोजमध्येच असतो. फोन त्या वेळी घरच्या वायफायला जोडलेला असेल, तर बहुतेक फोन तेच वायफाय केबलवाटे पुढे देतात, त्यामुळे मोबाइल डेटाही खर्च होत नाही. मोबाइल डेटा वापरायचाच असेल, तर ती जोडणी आधी "मीटर्ड" म्हणून नोंदवावी, अन्यथा अपग्रेडनंतर राहिलेले अपडेट विंडोज त्याच डेटावर उतरवून घेऊ लागते. आयफोन असल्यास विंडोजवर आधी ॲपलचे सॉफ्टवेअर लागते, म्हणून तेवढ्यापुरता कोणाचा तरी अँड्रॉइड फोन मागून घेणे अधिक सोयीचे. दुसऱ्या संगणकावर ड्रायव्हर उतरवून पेन ड्राइव्हने आणणे हाही सरळ मार्ग आहेच.

प्रश्न: मी उबंटू हे लिनक्स वापरतो. नवी आवृत्ती घेतल्यापासून वायफायची यादी रिकामी दिसते. कार्ड ब्रॉडकॉमचे आहे. त्याच लॅपटॉपवर विंडोजही असून त्यात वायफाय चालते.

उत्तर: कार्ड विंडोजमध्ये चालते, त्यामुळे ते निकामी झालेले नाही. ब्रॉडकॉमच्या अनेक कार्डांसाठी लागणारा ड्रायव्हर कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, अंगभूत नसतो. तो कर्नलच्या प्रत्येक नव्या आवृत्तीसाठी लॅपटॉपवरच नव्याने बांधला जातो, आणि हे काम डीकेएमएस ही यंत्रणा पडद्याआड करत असते. नव्या कर्नलमध्ये काही अंतर्गत बदल झालेले असले की बांधणी फसते. अपग्रेड पूर्ण झाल्याचा संदेश येतो आणि ड्रायव्हर मात्र नसतो.

आधी जुन्या कर्नलने लॅपटॉप सुरू करून पाहावा. चालू होताना ग्रबचा, म्हणजे कोणती प्रणाली सुरू करायची हे विचारणारा, मेनू दिसला की "ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स" निवडावे. तिथे आधीचे कर्नल उतरत्या क्रमाने असतात. जुन्या कर्नलवर वायफाय दिसले, तर दोष नव्या कर्नलच्या ड्रायव्हरमध्येच आहे, हे सिद्ध झाले आणि तूर्त कामही सुरू राहिले. मग त्याच जोडणीवरून किंवा फोनच्या यूएसबी टेदरिंगवरून उबंटूमधील "ॲडिशनल ड्रायव्हर्स" उघडून ब्रॉडकॉमचा ड्रायव्हर पुन्हा बसवावा.

इथे एक जागा अशी आहे की जिथे जाणकारही अडतात. लॅपटॉपमध्ये सिक्युअर बूट सुरू असेल, तर स्वाक्षरी नसलेला ड्रायव्हर कर्नल उचलत नाही. म्हणून ड्रायव्हर बसवताना उबंटू एक तात्पुरता पासवर्ड ठरवायला सांगते आणि पुढच्या रिस्टार्टला, उबंटू सुरू होण्यापूर्वीच, एक निळा पडदा येतो. त्यात ड्रायव्हरच्या स्वाक्षरीची किल्ली नोंदवण्याचा पर्याय निवडून तोच पासवर्ड द्यायचा असतो. पुष्कळ जण घाईने "कंटिन्यू बूट" निवडतात, किल्ली नोंदवली जात नाही, आणि ड्रायव्हर बसलेला असूनही चालत नाही. आपल्या बाबतीत असे झाले असेल, तर ड्रायव्हर काढून पुन्हा बसवल्यास तो पडदा परत येईल.

दोन प्रणाली एकत्र असल्यामुळे मागच्या उत्तरातील फास्ट स्टार्टअपही विसरू नये. विंडोज अर्धवट बंद झालेले असले, तर कार्ड अशा अवस्थेत सोडले जाऊ शकते की लिनक्सला ते सुरू करता येत नाही. विंडोजमधील पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन ही सोय बंद करावी; विंडोजच्या मोठ्या अपडेटनंतर ती पुन्हा सुरू झालेली असू शकते, तेव्हा अधूनमधून पाहत राहावे.

डेबियन हे लिनक्स वापरणाऱ्या वाचकांसाठी एक जोड. जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून वायफाय कार्डांना लागणारे फर्मवेअर (कार्डाच्या आत चालणारे सॉफ्टवेअर) "नॉन-फ्री" या विभागातून काढून "नॉन-फ्री-फर्मवेअर" या वेगळ्या विभागात ठेवले आहे. जुन्या आवृत्तीवरून वर येताना सोर्सेसच्या यादीत हा नवा विभाग हाताने लिहिला नाही, तर फर्मवेअर जुनेच राहते आणि नवा कर्नल ज्या फर्मवेअरची अपेक्षा करतो ते त्याला मिळत नाही.

प्रश्न: माझ्या मॅकबुकवर मॅकओएसची सिक्वोया ही आवृत्ती घेतल्यापासून आमच्या वसतिगृहाचे वायफाय मला नाकारते. पासवर्ड तोच आहे. व्यवस्थापकांचे म्हणणे आहे की माझा लॅपटॉप नोंदणीत नाही, परंतु मी गेल्या वर्षीच नोंदणी केली होती.

उत्तर: आपण आणि व्यवस्थापक, दोघांचेही म्हणणे खरे आहे. वसतिगृहांत आणि कार्यालयांत उपकरणाची नोंद त्याच्या मॅक ॲड्रेसवरून होते. येथे मॅक म्हणजे ॲपलचा संगणक नव्हे. प्रत्येक वायफाय कार्डाला कारखान्यातच मिळालेला बारा चिन्हांचा क्रमांक असा त्याचा अर्थ. या क्रमांकावरून माणसाचा माग काढता येतो, म्हणून नव्या प्रणाली खऱ्या क्रमांकाऐवजी बनवलेला क्रमांक पुढे करतात. आयफोनमध्ये ही सोय २०२० मध्ये आली आणि ॲपलच्या लॅपटॉपवर ती २०२४ च्या सिक्वोयाबरोबर आली. आपला लॅपटॉप आता वेगळ्या क्रमांकाने दार ठोठावतो आहे.

बनवलेला क्रमांक ओळखण्याची खूण अशी की त्याचे डावीकडून दुसरे चिन्ह २, ६, ए किंवा ई यांपैकी एक असते. सिस्टिम सेटिंग्जमध्ये वायफाय उघडून वसतिगृहाच्या नेटवर्कसमोरील डिटेल्समध्ये "प्रायव्हेट वाय-फाय ॲड्रेस" पाहावे. तिथे "ऑफ" निवडल्यास जुना, नोंदवलेला क्रमांक वापरला जाईल. याहून चांगला मार्ग म्हणजे "फिक्स्ड" निवडून तो नवा क्रमांक व्यवस्थापकांकडे नोंदवणे. "रोटेटिंग" मात्र अशा नेटवर्कवर ठेवू नये, कारण क्रमांक अधूनमधून बदलत राहील आणि नोंदणी पुन्हा मोडेल.

सिक्वोयाची अगदी पहिली आवृत्ती अजून वापरात असेल आणि लॅपटॉपवर बाहेरचे सुरक्षा सॉफ्टवेअर असेल, तर १५.०.१ किंवा त्यापुढची आवृत्ती आधी घ्यावी. त्या दोहोंच्या न पटण्याचा दोष तिच्यात दुरुस्त केलेला आहे. नेट सुरू झाल्यावर नेटवर्कवरचा प्रिंटर दिसला नाही, तर प्रायव्हसी अँड सिक्युरिटीमधील "लोकल नेटवर्क" या यादीत संबंधित ॲपला परवानगी द्यावी.

प्रश्न: कॉलेजच्या वायफायला नाव आणि पासवर्ड दोन्ही लागतात. कॉलेजनेच दिलेल्या लॅपटॉपवर विंडोज ११ आल्यापासून दर वेळी पासवर्ड विचारला जातो. पूर्वी तो आपोआप जात असे. यावर काय करता येईल?

उत्तर: आपल्या बाजूने फारसे काही करता येणार नाही, आणि करूही नये. विंडोज ११ च्या २२एच२ या आवृत्तीपासून एंटरप्राइज आणि एज्युकेशन प्रकारांत, लॅपटॉप त्यासाठी पात्र असेल तर, क्रेडेन्शियल गार्ड नावाचे संरक्षण आपोआप सुरू असते. एमएस-चॅप आवृत्ती २ या जुन्या पद्धतीने चालणाऱ्या वायफायला लॉगिनचा पासवर्ड आपोआप पुरवणे ते बंद करते, कारण ती पद्धत आता सुरक्षित मानली जात नाही. कॉलेजच्या संगणक विभागाला क्रेडेन्शियल गार्ड आणि एमएस-चॅप ही दोन नावे सांगावीत, म्हणजे त्यांना रोख कळेल. प्रमाणपत्रांवर आधारित पद्धतीकडे जाणे हा त्यांच्या हातातला उपाय आहे. दरम्यान कोणी सर्व्हरचे प्रमाणपत्र तपासण्याची टिक काढून टाकण्याचा सल्ला दिल्यास तो मानू नये. ती टिक निघाली, तर त्याच नावाचे खोटे वायफाय उभे करणाऱ्याच्या हाती आपला पासवर्ड लागू शकतो.

प्रश्न: इंटरनेट उत्तम चालते, परंतु विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती आल्यापासून घरच्या नेटवर्कवरील हार्ड डिस्क उघडत नाही. "आपल्या संस्थेच्या सुरक्षा धोरणामुळे पाहुण्यांना प्रवेश नाही" अशा अर्थाचा संदेश येतो. लॅपटॉप माझा स्वतःचा आहे. त्याला कोणतीही संस्था नाही.

उत्तर: संदेशाची भाषा दिशाभूल करणारी आहे, यात शंका नाही. संस्था म्हणजे येथे विंडोजचेच मूळ धोरण. नेटवर्कवरील फोल्डर विनापासवर्ड, पाहुणा म्हणून उघडण्याची मुभा २४एच२ मध्ये प्रो आवृत्तीतूनही काढून घेतली आहे. त्याशिवाय प्रो, एंटरप्राइज आणि एज्युकेशन या प्रकारांत प्रत्येक जोडणीवर डिजिटल स्वाक्षरी सक्तीची झाली आहे, आणि पाहुण्याच्या जोडणीवर स्वाक्षरी करताच येत नाही, कारण ती पासवर्डवरून तयार होते.

त्यामुळे योग्य उपाय हार्ड डिस्कच्या बाजूला आहे. तिच्या नियंत्रण पानावर स्वतःचे एक खाते आणि पासवर्ड तयार करावा, फोल्डरची परवानगी त्या खात्याला द्यावी, आणि लॅपटॉपवर तेच नाव व पासवर्ड देऊन "लक्षात ठेवा" निवडावे. तिचे फर्मवेअर नवे करावे. डिस्कऐवजी घरातला दुसरा विंडोज संगणक उघडायचा असेल, तर तिथल्या खात्याचा पासवर्ड द्यावा लागतो, पिन चालत नाही. दोन्ही संगणकांवर घरचे नेटवर्क "प्रायव्हेट" म्हणून नोंदलेले आहे का, हेही पाहावे. अपग्रेडनंतर ते "पब्लिक" झालेले असले, तर संगणक एकमेकांना दिसत नाहीत.

डिस्क फारच जुनी असेल आणि फक्त एसएमबी या नेटवर्कवर फाइली देण्याघेण्याच्या पद्धतीची पहिली आवृत्ती जाणत असेल, तर ती आवृत्ती विंडोजमध्ये पुन्हा सुरू करण्याचा पर्याय आपल्याला दिसेल. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणीखोर प्रोग्रॅम याच आवृत्तीतील त्रुटीतून जगभर पसरला, आणि त्याच वर्षापासून नव्या विंडोजमध्ये ती आधीपासून बसवलेली नसते. ती सुरू करायचीच असेल, तर डिस्कवरील फाइली दुसरीकडे उतरवून घेण्यापुरतीच करावी, काम होताच विंडोज फीचर्समधून पुन्हा बंद करावी, आणि ती डिस्क त्यापुढे नेटवर्कवर ठेवू नये.